पाच जणांचे पाच पसंतीक्रम: एकमत आहे की नाही, हे मोजायचं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा छोटा स्वयंसेवी गट आहे. पुढे चार कामं आहेत आणि चारही एकदम उचलायला माणसं पुरत नाहीत. म्हणून बैठकीआधी ठरवलं, प्रत्येकाने एकमेकांना न विचारता कामांचा पसंतीक्रम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. कामं अशी:

अ – नव्या सदस्यांसाठी माहितीपुस्तिका
ब – वर्षाचा अहवाल
क – संकेतस्थळाची नवी मांडणी
ड – जुन्या नोंदी तपासून दुरुस्त करणं

आणि चिठ्ठ्या अशा आल्या (आधी करायचं काम आधी लिहिलंय):

पहिली: अ ब क ड
दुसरी: अ क ब ड
तिसरी: ब अ क ड
चौथी: ड अ ब क
पाचवी: अ ब ड क

चिठ्ठ्या उघडल्यावर एक जण म्हणाले, "चला, जवळपास सगळ्यांचं एकच मत आहे." त्यावर दुसरी लगेच म्हणाली, "कुठे? दोन चिठ्ठ्यासुद्धा सारख्या नाहीत!" मला दोघांचंही पटलं, आणि तिथेच अडकले. गटात सहमती किती आहे हे एका आकड्यात सांगता येतं का? आणि आला आकडा, तर त्यावरून निर्णय घ्यावा का?

सांजवेळ

छान प्रश्न. रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी निवांत वाचेन.

मोजपट्टी

येतं की. यासाठी केंडॉलचा सुसंगती गुणांक वापरतात, लिहिताना नुसतं डब्ल्यू. तुमच्याच चिठ्ठ्यांवर करून दाखवतो, कागद-पेन्सिल पुरे.

प्रत्येक कामाला मिळालेल्या क्रमांकांची बेरीज करा. अ ला १, १, २, २, १ म्हणजे ७. ब ला ११. क ला १६, ड लाही १६. एकूण ५०. म्हणजे कुणाचंच कुणाशी काही जुळत नसतं तर प्रत्येक कामाची बेरीज साडेबाराच्या आसपास आली असती. आता प्रत्येक बेरीज साडेबारापासून किती लांब आहे ते बघा: ५.५, १.५, ३.५, ३.५. यांचे वर्ग करून मिळवले की ५७.

पाचही चिठ्ठ्या तंतोतंत सारख्या असत्या तर बेरजा ५, १०, १५, २० आल्या असत्या आणि हाच आकडा १२५ झाला असता. त्याहून मोठा तो होऊच शकत नाही. म्हणून ५७ भागिले १२५, म्हणजे ०.४५६.

० म्हणजे बेरजांमध्ये काहीच फरक नाही, १ म्हणजे पूर्ण एकमत. तुम्ही मधोमध, किंचित खाली.

नवखा

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे पाचामुखी ०.४५६ आला :) पण मधोमध म्हणजे एकमत म्हणायचं की नाही?

गणितवेडा

मोजपट्टी, सुरेख समजावलंत. थोडा इतिहास जोडतो, कारण तो मला फार आवडतो.

१९३७ साली मिल्टन फ्रीडमनने क्रमांकांवर चालणारी एक चाचणी मांडली, दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी. हाच तो अर्थशास्त्रज्ञ, ज्याला पुढे १९७६ साली नोबेल मिळालं. १९३९ मध्ये मॉरिस केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी डब्ल्यू मांडला, आणि त्याच वर्षी ॲलन वॉलिस स्वतंत्रपणे तिथेच पोचला. गंमत म्हणजे फ्रीडमनचा आकडा आणि डब्ल्यू हे एकाच हिशोबाचे दोन चेहरे आहेत. डब्ल्यूला माणसांच्या संख्येने आणि 'पर्याय वजा एक'ने गुणलं की फ्रीडमनचा आकडा मिळतो. इथे ५ × ३ × ०.४५६ = ६.८४.

चार पर्याय आणि पाच माणसं असतील तर शंभरात पाचची नेहमीची पातळी ओलांडायला साधारण ७.८ लागतात. तुमचा ६.८४ तिथे पोचत नाही. म्हणजे पाचही जणांनी डोळे मिटून चिठ्ठ्या भरल्या असत्या, तरी इतकी किंवा याहून जास्त जुळणी शंभरात पाचाहून जास्त वेळा निव्वळ योगायोगाने दिसली असती.

नवखा, काही क्षेत्रांत ०.७ च्या पुढे गेलं की 'भक्कम सहमती' म्हणतात. तज्ज्ञांना फेऱ्याफेऱ्यांनी मतं विचारायची डेल्फी पद्धत असते (१९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये घडली), तिथे थांबायचं कधी हे ठरवायला असा उंबरठा लावतात. पण ०.७ हा संकेत आहे, गणितातून निघालेली रेघ नाही.

नवखा

मग सोपं आहे. चौथी चिठ्ठी बाजूला ठेवली तर? करून बघितलं: बेरजा ५, ८, १२, १५. फरकांच्या वर्गांची बेरीज ५८, जास्तीत जास्त ८०. डब्ल्यू ०.७२५! फ्रीडमनचा आकडा ८.७. उंबरठाही पार आणि चाचणीही पास. एका माणसामुळे अडलंय सगळं.

अबोली

नवखा, हे करू नका. अगदी मनापासून सांगते.

चौथी चिठ्ठी म्हणजे वजनकाट्याची चूक नव्हे. ते एका माणसाचं मत आहे, आणि सहमती मोजायला बसल्यावर असहमत माणसालाच उठवलं तर आपण काय मोजलं? वेगळं मत देणारा दर वेळी वगळत गेलं की कुठलाही गट शेवटी १ वर पोचतो.

माझा अनुभव सांगते. आमच्या जुन्या गटात सहा जण होतो. असेच चार पर्याय होते आणि असाच गुणांक काढला, तर चक्क शून्य आला. सगळे म्हणाले, इथे कुणाचं कुणाशी जुळत नाही, आता चर्चा करून उपयोग नाही, अध्यक्षांनीच ठरवावं. तसं झालंही. मी घरी येऊन चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. तिघांनी अ ब क ड लिहिलं होतं आणि तिघांनी बरोबर उलट, ड क ब अ. प्रत्येक पर्यायाची बेरीज १५. बेरजा सारख्या म्हणून गुणांक शून्य. प्रत्यक्षात तिथे दोन घट्ट तट होते, तटाच्या आत पूर्ण एकमत, आणि आम्ही मात्र 'सगळे विखुरलेले आहेत' असं समजून उठलो. तटांमधलं बोलणं तेव्हा झालं असतं तर तो गट आज असता असं मला अजून वाटतं.

म्हणून आकडा काढा, जरूर काढा, पण चिठ्ठ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठू नका.

काठावरचा

अबोली +१.

तट ओळखायला एक उपाय आहे. दोन-दोन माणसांच्या जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीचा स्पिअरमनचा क्रमसहसंबंध काढा (हा १९०४ पासूनचा). पूर्ण सारखे क्रम असले तर १, पूर्ण उलटे असले तर -१. अबोलीच्या सहा जणांत १५ जोड्या होतात. त्यातल्या ६ जोड्या एकाच तटातल्या, त्यांचा आकडा १. उरलेल्या ९ जोड्यांचा -१. अधलंमधलं काहीच नाही! खरंच विखुरलेला गट असता तर हे आकडे सगळीकडे पसरलेले दिसले असते.

आणि या सगळ्या जोड्यांची सरासरी थेट डब्ल्यूवरून काढता येते: माणसांची संख्या गुणिले डब्ल्यू, त्यातून १ वजा, भागिले माणसांची संख्या वजा १. रानजाईंच्या गटात (५ × ०.४५६ - १) / ४ = ०.३२. अबोलीच्या गटात -०.२.

सांजवेळ

आले. एक बाळबोध शंका. सहसंबंध -१ पर्यंत जातो, मग डब्ल्यू शून्याखाली का नाही जात? पूर्ण विरोध असला तर उणे यायला हवा ना?

काठावरचा

बाळबोध अजिबात नाही, मूळ मुद्दा हाच आहे. दोन माणसं एकमेकांच्या पूर्ण उलट असू शकतात. तिसरा आला की तो दोघांच्याही पूर्ण उलट असूच शकत नाही. पहिल्याच्या उलट गेला की दुसऱ्याशी जुळलाच. त्यामुळे दोनाहून जास्त माणसांत 'संपूर्ण एकमत' असतं, 'संपूर्ण विरोध' असं काही नसतं. म्हणून माप शून्यावर थांबतं.

सांजवेळ

वा! हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणखी एक विचारते. एखाद्याला ब आणि क खरंच सारखेच वाटत असले तर? उगाच वरखाली लावायला लावणं बरं वाटत नाही.

मोजपट्टी

लावायला लावू नका. दोघांना मिळून दुसरी आणि तिसरी जागा, म्हणून प्रत्येकाला २.५ द्या. बेरजा ठीक राहतात. फक्त अशा बरोबऱ्या बऱ्याच झाल्या तर १२५ हा कमाल आकडा गाठताच येत नाही आणि डब्ल्यू विनाकारण कमी दिसतो. त्यासाठी छेदात दुरुस्ती असते, ती विसरायची नाही. एखाददुसरी बरोबरी असेल तर फरक किरकोळ पडतो.

दूरदर्शी

अवांतर होईल, पण लिहितो. क्रमांकच का, गुण का नाहीत, असा प्रश्न कुणाच्या तरी मनात असेल.

वक्तृत्व स्पर्धेला आम्ही तिघे परीक्षक होतो. माझे गुण ४० ते ५५ मध्ये फिरत होते, शेजारच्या बाईंचे ७० ते ९०, आणि तिसरे गृहस्थ सगळ्यांना ६० किंवा ६२. गुणांची सरळ बेरीज केली तर बाईंचं पारडं सर्वात जड झालं असतं आणि तिसऱ्यांचं मत जवळजवळ मोजलंच गेलं नसतं, कारण बाईंच्या गुणांत दरी सर्वात मोठी होती आणि तिसऱ्यांच्या गुणांत ती जवळजवळ नव्हतीच. मग तिघांच्याही गुणांचे क्रमांक लावले तेव्हा दिसलं की पहिले तीन स्पर्धक आमच्या तिघांच्याही याद्यांत होते. मतभेद होते ते त्यांच्या आपसातल्या क्रमाबद्दल.

यावरून फिगर स्केटिंग आठवलं. तिथे पूर्वी परीक्षकांनी दिलेल्या क्रमांकांवरून निकाल लागायचा. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या प्रकारात नऊपैकी पाच परीक्षकांनी रशियन जोडीला पहिलं ठेवलं, चौघांनी कॅनडाच्या. निकालावरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी दोन्ही जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. पुढे ती क्रमांकांची पद्धतच गेली आणि गुणांची नवी पद्धत आली. यातला बोध मला असा वाटतो की नऊच्या नऊ परीक्षक खालच्या सगळ्या जागांवर एकमत असले, तर डब्ल्यू झकास उंच येईल, आणि तरीही ज्या एका जागेसाठी सगळं चाललंय तिथे ते ५ विरुद्ध ४ असतील.

आडवाट

दूरदर्शी, नेमकं याच जागी मला यायचं होतं. सगळ्या जागांचा एक आकडा काढण्याआधी जोड्या मोजा. माणसांच्या नाही, पर्यायांच्या. रानजाईंच्या चिठ्ठ्यांत:

अ आणि ब: ४ जण अ आधी म्हणतात, १ ब
अ आणि क: पाचही अ
अ आणि ड: ४ विरुद्ध १
ब आणि क: ४ विरुद्ध १
ब आणि ड: ४ विरुद्ध १
क आणि ड: ३ विरुद्ध २

आता बघा चित्र किती वेगळं दिसतं! सहापैकी पाच प्रश्नांवर चार किंवा पाच जण एका बाजूला आहेत. खरा वाद एकच, शेवटी क ठेवायचा की ड. गटाचा क्रम अ ब क ड धरला तर ३० पैकी २४ लहान निर्णय त्याच्याशी जुळतात, ६ मोडतात. क आणि ड ची अदलाबदल केली तर ७ मोडतात. चार पर्यायांचे एकूण २४ क्रम होतात, त्यात सर्वात कमी मोडतोड अ ब क ड मध्ये. ही जॉन केमेनीची १९५९ ची कल्पना: सगळ्यांपासून मिळून कमीत कमी लांब असलेला क्रम शोधायचा. (बेसिक ही संगणकभाषा १९६४ मध्ये घडवणाऱ्या दोघांपैकी एक तोच.) पर्याय दहा झाले की मात्र ३६,२८,८०० क्रम होतात, तेव्हा हाताने करायच्या फंदात पडू नका.

गणितवेडा

आडवाट, पर्यायांच्या जोड्यांमध्ये एक खड्डा आहे तोही सांगायला हवा. तीन माणसं: अ ब क, ब क अ, क अ ब. दोघांना अ हा ब पेक्षा बरा वाटतो, दोघांना ब हा क पेक्षा, आणि दोघांना क हा अ पेक्षा. गोल फिरत राहा! फ्रेंच गणितज्ञ काँडोर्सेने हे १७८५ मध्येच दाखवलं. इथे डब्ल्यूही शून्य, कारण तिन्ही बेरजा ६.

म्हणजे शून्याचे किमान तीन अर्थ आपण इथे पाहिले: विखुरलेले, दोन तट, आणि हे चक्र.

आडवाट

मान्य. पण रानजाईंकडे चक्र नाही, म्हणून त्यांच्यापुरता खड्डा बुजलेला आहे.

किमया

मी थोडा विरोधी सूर लावते. तुम्ही सगळे क्रमांक १ आणि २ मधलं अंतर सगळ्यांसाठी सारखं धरताय. चौथ्या चिठ्ठीतला ड कदाचित 'हे आत्ता केलं नाही तर पुढचं सगळं चुकेल' या जातीचा असेल, आणि पहिल्या चिठ्ठीतला ड शेवटी असण्याचं कारण 'कुठेतरी लिहायचाच होता' इतकंच असेल. क्रमांकांत ही तीव्रता हरवते. डब्ल्यू, फ्रीडमन, केमेनी, कुणीही ती परत आणू शकत नाही.

आणि दुसरं, सहमती मोजणं आणि गटाचा निर्णय लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोने १९५१ मध्ये सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा अधिक असले तर वैयक्तिक क्रमांवरून गटाचा क्रम काढणारी अशी एकही पद्धत नाही जी काही साध्या, रास्त अटी नेहमी पाळेल. मग आकड्यांवर इतका भार का टाकायचा? चौथ्या माणसाला कुणी विचारलं का, ड पहिला का?

अबोली

किमया, हेच!

मोजपट्टी

तीव्रतेचा मुद्दा बिनशर्त मान्य. ॲरोबद्दल मात्र एक म्हणायचं आहे. 'नेहमी' हा शब्द त्यात महत्त्वाचा. माणसांची मतं बऱ्यापैकी जुळत असली तर बहुतेक पद्धती एकाच उत्तरावर येतात. बघा ना, इथे बेरजेनेही अ पहिला, जोड्यांनीही अ पहिला, केमेनीनेही अ पहिला. सहमती मोजायचा खरा उपयोग मला इथे वाटतो: ती जास्त असली तर पद्धत कुठली वापरली यावर भांडण उरत नाही.

नवखा

माझं वरचं म्हणणं मागे घेतो. चौथी चिठ्ठी काढायला नको होती. किमयाताईंचा प्रश्न वाचून वाटलं की सर्वात जास्त माहिती त्याच चिठ्ठीत असावी.

रानजाई, विचारलंत का त्यांना?

दूरदर्शी

मीही उत्तराची वाट बघतोय.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. तीन दिवस गप्प होते कारण बैठक काल झाली.

आधी आडवाट यांची जोड्यांची यादी फळ्यावर लिहिली. 'क की ड' समोर ३ विरुद्ध २ दिसल्यावर आपोआप चौथी चिठ्ठी देणाऱ्या काकांकडे सगळे वळले. ते आमच्यात सर्वात कमी बोलतात. त्यांनी पिशवीतून नोंदींची वही काढली आणि एक पान उघडून ठेवलं. एकाच सदस्याचं नाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं, तिन्हीपुढे वेगळी तारीख. म्हणाले, "अहवाल यावरूनच लिहिणार ना? मग आकडे कुठले घेणार?" आम्हा चौघांपैकी कुणीही ती वही गेल्या वर्षभरात उघडलेली नव्हती.

मग परत चिठ्ठ्या घेतल्या, पुन्हा एकमेकांना न दाखवता:

पहिली: अ ड ब क
दुसरी: अ क ब ड (तीच)
तिसरी: ब अ ड क
चौथी: ड अ ब क (तीच)
पाचवी: अ ड ब क

मी स्वतः बेरजा केल्या: अ ७, ड १२, ब १३, क १८. वर्गांची बेरीज ६१. डब्ल्यू ०.४८८. बरोबर आहे का?

मोजपट्टी

अगदी बरोबर. फ्रीडमनचा आकडा ७.३२, अजूनही ७.८ च्या खालीच. 'भक्कम' पासून तर लांबच.

आणि तरी काय झालंय बघा. गुणांक ०.४५६ वरून ०.४८८, म्हणजे जागचा हललाही नाही म्हणा. पण ड शेवटच्या जागेवरून थेट दुसरा आला!

काठावरचा

ब आणि ड आता ३ विरुद्ध २, ड च्या बाजूने. अ अजूनही सगळ्यांच्या पहिल्या दोनात. पहिल्या फेरीतही होता. म्हणजे रानजाई, तुमचा मूळ प्रश्न 'आधी काय करायचं' असेल तर त्यावर एकमत पहिल्याच दिवशी होतं. पूर्ण क्रमावर ते नव्हतं, आजही नाही, आणि त्याची तुम्हाला गरजही नाही.

किमया

दुसऱ्या चिठ्ठीत ड अजून शेवटी आहे. वही बघूनही. त्यांना विचारलंत?

रानजाई

हो, या वेळी लगेच विचारलं. त्या म्हणाल्या, नव्या संकेतस्थळावर सदस्यांनी आपापली माहिती स्वतः भरली तर जुन्या नोंदी आपोआप दुरुस्त होतील, म्हणून क आधी. यावर काका बराच वेळ विचार करत होते. सध्या ठरलंय ते असं: पुस्तिका दोघे लिहिणार, वही काका आणि त्या मिळून तपासणार, आणि किती नावं स्वतः सदस्यांना विचारल्याशिवाय सुटत नाहीत ते मोजणार. ती संख्या मोठी निघाली तर तिसरी फेरी घेऊ. आकडे इथे टाकेन.